शेतावर माणसे नेणारी ट्रॉली

सुगीच्या दिवसांत सूर्योदयाच्या सुमारास बोरीच्या सडकेवर उभे राहिले असता जे दृश्य दिसते, ते आमच्या बहुतेक वाचकांस आपापल्या गावी रोज दिसतच असेल. एकामागून एक ट्रॅक्टर येतात, प्रत्येकामागे ट्रॉली, आणि ट्रॉलीत वीस-पंचवीस बायका. डोक्यास रुमाल, हाती भाकरीचे गाठोडे, खुरपे नाही तर विळा. एखादीच्या मांडीवर तान्हे मूल. ज्यांना तळाशी जागा मिळाली त्या बसलेल्या, बाकीच्या उभ्या. दोघी-तिघी बाजूच्या फळीवर पाय आत सोडून बसलेल्या, आणि एक-दोन गडी ट्रॅक्टरच्या मडगार्डावर. परभणीहून झरीमार्गे जिंतुरास जाणाऱ्या सडकेवर असेपर्यंत ही स्वारी बरी चालते. सडक सोडून ट्रॅक्टर पांदणीत वळला की ट्रॉली एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे कलू लागते. बायका हसतात, एकमेकींना धरतात, आणि आपण मालक मंडळी मागून मोटारसायकलीवर येताना हे पाहत असतो. पाहत असतो, परंतु मनात काही येत नाही. कारण काल काही झाले नाही व परवाही काही झाले नव्हते.

ता. ४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्याच्या गुंज या गावाहून अशीच एक ट्रॉली मजुरांना घेऊन नांदेड तालुक्यातील आलेगावच्या शिवारात निघाली होती. शेताजवळ पोहोचल्यावर ट्रॅक्टर व ट्रॉली दोन्ही पाण्याने भरलेल्या विहिरीत कोसळली. सात स्त्रिया बुडून मेल्या; तिघे वाचले. वसमत तालुका सन १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होता. तेथील माती आपल्यासारखीच, पिके आपल्यासारखीच, आणि मजूर नेण्याची रीतही अगदी हीच. ही वार्ता बोरीत आली त्या दिवशी पारावर पुष्कळ बोलणे झाले. दुसऱ्या दिवशी ट्रॉल्या पूर्वीप्रमाणेच निघाल्या. त्यात माझीही होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

उत्तर प्रदेशात कानपूरजवळ घाटमपूर भागात ता. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटून सव्वीस माणसे गेली. त्यात बहुतेक स्त्रिया व मुले. त्याच प्रांतात कासगंज जिल्ह्यात ता. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी गंगास्नानास निघालेली ट्रॉली तळ्यात पडून वीसहून अधिक मृत्यू झाले. या तिन्ही प्रसंगांत जीव गेले ते पाण्यात, आणि याचे कारण उघड आहे. ट्रॉलीस उंच पत्र्याच्या बाजू असतात. ती उलटली म्हणजे पेटीसारखी माणसांवर पालथी पडते. जमिनीवर हात-पाय मोडून निभावते, पाण्यात सुटका नाही.

ट्रॅक्टर हे वाहन कशासाठी आहे, हे सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतच सांगितले आहे. ट्रॅक्टर म्हणजे ज्याची रचना स्वतःवर भार वाहून नेण्यासाठी केलेली नाही असे यंत्र. सन १९८९ च्या रस्त्यावरील वाहतुकीच्या नियमांत तर, ट्रॅक्टर हाकणाऱ्याने त्यावर कोणासही बसवू नये, असे स्पष्ट शब्दांत लिहिले होते. ट्रॉली ही माल वाहण्याची गाडी म्हणून नोंदली जाते. तीत माणसे बसविली म्हणजे विम्याचे काय होते, याचा विचार आपल्यापैकी फार थोडे करतात. सन २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. वीटभट्टीसाठी माती वाहणाऱ्या ट्रॉलीवर बसलेला एक मजूर जखमी झाला. विमा शेतीकामापुरता होता, सबब विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. मजुराची गरिबी पाहून कंपनीने त्यास आधी पैसे द्यावेत, असा हुकूम झाला. पण ते पैसे पुढे ट्रॅक्टरच्या मालकाकडून वसूल करावयाचे होते. वाचकांपैकी ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, त्यांनी आपले विम्याचे कागद एकदा पेटीतून काढून वाचावेत. त्यात किती माणसांचा उल्लेख आहे, ते पाहावे. पुष्कळांच्या कागदात एकट्या चालकाचाच असेल.

कायदा असा असता ट्रॉल्या बंद का होत नाहीत, असे शहरातील माणूस विचारील. त्यास उत्तर हे की, बोरीच्या चौकातून चार-पाच मैलांवरील शेतात वीस माणसे सात वाजता पोहोचविण्यास दुसरे साधन पुष्कळदा मिळत नाही. प्रवासी गाडी सडकेपर्यंत येते, पांदणीत येत नाही. पावसाळ्यात तर काळ्या रानात मोटारसायकलसुद्धा जात नाही. एके काळी बैलगाडी होती. तिचा वेग माणसाच्या चालण्याइतका. कलली तर माणूस उडी टाकून उतरे. आता बहुतेकांच्या दावणीस बैलच उरले नाहीत. म्हणून 'ट्रॉलीत माणसे बसवू नका' एवढे सांगून लेख संपविणे सोपे असले, तरी ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. सांगण्यासारखी गोष्ट निराळी आहे. ट्रॉलीचा घात सडकेवर होतो तसा शेताजवळच्या शेवटच्या एक-दोन फर्लांगांतही होतो. आणि हा शेवटचा तुकडा असा आहे की, तेथे माणसे खाली उतरवून चालत नेणे सर्वस्वी आपल्या हाती असते. त्यास सरकार नको, पैसा नको, नवे यंत्र नको.

हे का, ते समजण्यासाठी ट्रॉली कशी उलटते हे पाहू. थोडा हिशेब करावा लागेल. वाचकांनी कंटाळू नये.

समजा, एका ट्रॉलीच्या दोन चाकांमधील अंतर पाच फूट आहे. ट्रॉलीचे स्वतःचे वजन एक टन, आणि तिचा भारमध्य, म्हणजे सगळे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, जमिनीपासून अडीच फुटांवर. तळ सव्वातीन फूट उंचीवर आहे. तीत वीस माणसे बसली. दर माणशी पन्नास किलो धरले तर त्यांचेही वजन एक टन झाले. ही माणसे तळावर मांडी घालून बसली, तर त्यांचा भारमध्य जमिनीपासून सुमारे सव्वाचार फुटांवर येतो, आणि ट्रॉली व माणसे मिळून साऱ्याचा सुमारे साडेतीन फुटांच्या आत. अशी ट्रॉली उभ्या स्थितीत उलटण्यास एक चाक दुसऱ्यापेक्षा जवळजवळ तीन फूट उंच व्हावे लागते. आता तीच माणसे उभी राहू द्या. त्यांचा भारमध्य सव्वासहा फुटांवर जातो, एकंदर भारमध्य साडेचार फुटांच्या जवळ येतो, आणि उलटण्यास अडीच फुटांचा फरक पुरतो. ट्रॉली कलल्याबरोबर उभी माणसे खालच्या अंगास सरकतात. ती सरासरी एक फूट जरी सरकली, तरी हा फरक दोन फुटांवर येतो. सडकेच्या कडेची साधी नाली दोन फूट खोल असते.

हा झाला उभ्या ट्रॉलीचा हिशेब. चालती ट्रॉली चाक खड्ड्यात पडताच हेलकावा खाते, एका बाजूचे पाटे व टायर दबतात, आणि कागदावरचा फरक निम्माही उरत नाही. म्हणजे उभ्या माणसांनी भरलेल्या धावत्या ट्रॉलीस एक फुटाचा खड्डा किंवा एक फूट उंचीचा धुरा धोक्याचा होय. आपल्या शिवारात एका फुटाचा धुरा कोठे नाही? माझे आकडे तुमच्या ट्रॉलीस तंतोतंत लागू पडणार नाहीत. परंतु माणसे बसवून नेणे व उभी नेणे यांतील अंतर प्रत्येक ट्रॉलीत असेच निघेल. फळीवर बसणारी तर उंचही असतात आणि कडेसही असतात. वेचलेल्या कापसाच्या ढिगावर सायंकाळी बायका बसून येतात, त्यांचा हिशेब मी मुद्दाम केलेला नाही; वाचकांनी तो घरी करून पाहावा.

चार चाकांची ट्रॉली अधिक स्थिर असते असा एक समज आहे. सरळ चालीत तो खराही आहे. पण जिचा पुढील आस वळतो, अशा ट्रॉलीस आखूड वळण दिले की पुढची चाके आडवी होऊन तिचा पायाच अरुंद होतो. पांदणीतून शेतात शिरताना नेमके असेच वळण असते.

आता जोडाविषयी. बैलगाडी हाकलेल्या जुन्या माणसांस उलाळ गाडी म्हणजे काय, ते सांगावे लागत नाही. मागे भार जास्त झाला की गाडीचे तोंड वर उचलते व जू बैलांच्या मानेवरून उठू पाहते. दोन चाकांच्या ट्रॉलीत सारी माणसे मागील फाळक्याकडे गोळा झाली म्हणजे हेच घडते. ट्रॉलीचा दांडा ट्रॅक्टरच्या हुकास वर उचलतो, ट्रॅक्टरच्या मागील चाकांवरचा भार कमी होतो, आणि चिखलात ती जागच्या जागी फिरू लागतात. अशा वेळी हुकाची पिन क्लिपेने अडकविलेली नसेल, तर ती हिसक्याने वर निघते.

ही गोष्ट माझ्या स्वतःच्या रानात झालेली आहे. काही वर्षांमागे सोयाबीनच्या दिवसांत रात्री पाऊस झाला होता. सकाळी बायका घेऊन ट्रॉली निघाली. आमच्या वाटेत एक लवण आहे. त्याच्या अलीकडे चिखल पाहून एक वयस्क बाई, ज्यांना सर्व जणी आक्का म्हणतात, त्यांनी हाक मारून ट्रॅक्टर थांबविला व सर्वांस उतरविले. गड्यास ते आवडले नाही. मलाही उशीर होतो म्हणून आवडले नाही. रिकामी ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर लवणातून वर चढू लागला, अर्ध्या चढावर हिसका बसला, पिन निघाली, आणि ट्रॉली मागे घरंगळत जाऊन लवणाच्या कडेवरून आडवी झाली. क्लिप दोन दिवसांमागे हरवली होती आणि तिच्या जागी गड्याने तारेचा तुकडा अडकविला होता. तार लावलेली मी पाहिली होती. त्या क्लिपेची किंमत इतकी किरकोळ आहे की ती येथे लिहिण्याची मला लाज वाटते.

त्या दिवसापासून लवणाच्या अलीकडे माणसे उतरवावयाची, असा नियम मी केला. तो पाळण्यात अडचण आली ती निराळीच. चार दिवसांनी आक्काच म्हणाल्या, "मालक, चालायला आमची ना नाही. पण काम गुत्त्याचं हाय. चालण्यात गेलेला येळ कुणाच्या पदरात धरायचा?" मला उत्तर सुचले नाही. रोजंदारीच्या बाईस अर्धा तास चालण्यात गेला तर तो मालकाच्या हिशेबात जातो. गुत्त्याच्या बाईस तो तिच्याच कमाईतून जातो. म्हणजे उतरा म्हणून सांगणारा मी, आणि त्याची किंमत देणाऱ्या त्या. आम्ही शेवटी असे ठरविले की, चालण्याचा वेळ जाता-येता मिळून जेवढा होतो, त्याचे पैसे गुत्त्याच्या रकमेत वेगळे धरावयाचे. एका हंगामात त्याची जी रक्कम झाली, ती एका फवारणीच्या औषधाहून कमी होती. गावातील काही मित्रांनी यावरून मला नावे ठेवली. भाव बिघडवितो म्हणाले. त्यांचे म्हणणे मला अजून पटलेले नाही. मजूर आपल्या बोलावण्यावरून आपल्या वाहनात बसून आपल्या शेतास येतो, तेव्हा त्यास सुखरूप आणणे हा शेतीच्या खर्चाचाच भाग होय. जसे बियाणे, जसे खत.

विहिरींविषयी थोडे विस्ताराने लिहिणे जरूर आहे. आपल्याकडे जुन्या विहिरी बहुधा बांधालगत किंवा शेताच्या तोंडाशी असतात, कारण दोन भावांत वाटणी झाली तरी पाणी दोघांस मिळावे. वाटही त्याच बांधाने जाते. पुष्कळ विहिरींस जमिनीवर कठडा नाही. भोवती गवत व बाभळीची झुडपे वाढून तोंड झाकलेले असते. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. वर्षानुवर्षे असे होऊन विहिरीच्या काठची माती आतून सैल होते. वरून पाहता जमीन घट्ट दिसते. बैलजोडीचा भार ती सोशीत असे. ट्रॅक्टर व भरलेली ट्रॉली यांचा भार काही टनांचा असतो, आणि तोही एका चाकाखाली हातभर जागेवर येतो. माझ्या मते कठडा नसलेल्या विहिरीपासून दोन ट्रॉल्यांच्या लांबीइतके अंतर ठेवल्याशिवाय माणसांची ट्रॉली जाऊच देऊ नये. वाटच तशी नसेल, तर अलीकडे उतरवावे. माणसे आत असताना ट्रॉली मागे घेणे तर कोणत्याही कारणाने करू नये. मागे घेताना ट्रॉलीचे तोंड चालकाच्या मनाविरुद्ध फिरते, हे ज्याने एकदा हाकले आहे त्यास ठाऊक आहे. विहिरीस कमरेइतका कठडा बांधणे होत नसेल, तर निदान चुना लावलेले मोठे दगड चारी बाजूंस ठेवावेत व झुडपे तोडून तोंड उघडे करावे. लपलेल्या विहिरीपेक्षा दिसणारी विहीर कितीतरी बरी.

ब्रेकांविषयी नव्या चालकांस कोणी सांगत नाही, म्हणून येथे लिहितो. ट्रॅक्टरास उजव्या-डाव्या चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात. शेतात आखूड वळण घेण्यासाठी ती सोय आहे. सडकेवर येताना दोन्ही पावदाने अडकणीने एकत्र जोडावयाची असतात. ती न जोडता वेगात एकच पावदान दाबले, तर ट्रॅक्टर एका बाजूस झटक्याने वळतो व मागची ट्रॉली त्यास ढकलून आडवा करते. बहुतेक ट्रॉल्यांस स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर सारा भार मागून ट्रॅक्टरास रेटीत असतो. म्हणून ज्या गिअरमध्ये चढण चढावी त्याच गिअरमध्ये उतरावे, क्लच दाबू नये, आणि डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करून गाडी सोडण्याची जी खोड काही गड्यांस आहे, ती पहिल्या दिवशीच मोडावी. जिंतुराकडील डोंगराळ भागात, जेथे तांड्यांवरून माणसे खालच्या रानात येतात, तेथे हे विशेष.

वेगाची गोष्ट थोडक्यात. वेग दुप्पट केला तर धक्क्याचे बळ दुप्पट नव्हे, चौपट होते. पांदणीत माणसाच्या चालीहून जास्त वेग नसावा. यास गडी कुरकुर करतो. पण चालीच्याच वेगाने जावयाचे, तर उतरून चालण्यात वेळ फारसा जातच नाही, हे त्याच्याही लक्षात येते.

ज्यांस ट्रॉलीशिवाय गत्यंतर नाही, त्यांनी ती निदान माणसांच्या उपयोगाची करून घ्यावी. गावातील वेल्डिंगवाल्याकडून मी माझ्या ट्रॉलीस केलेले फेरफार असे: दोन्ही बाजूंस फळीच्या वर लोखंडी नळी बसविली, त्यामुळे कोणास फळीवर बसता येत नाही आणि बसलेल्यांस धरावयास आधार झाला. मध्ये लांबीच्या दिशेने एक आडवी नळी घातली. तिला धरून मधल्या ओळीतील बायका बसतात. मागील फाळक्यास शिडीच्या दोन पायऱ्या डकविल्या, नाही तर चाकावर पाय देऊन चढण्याची रीत होती, आणि ओल्या टायरवरून पाय निसटून एकीचे मनगट दुखावले होते. तळाशी पोती अंथरतो. खुरपी व विळे एका पोत्यात बांधून पुढच्या कोपऱ्यात ठेवतो. पाण्याचा ड्रम दोरीने आवळतो. फवारणीचे औषध व माणसे एका फेरीत नेत नाही. हुकास पिनेखेरीज एक जाड साखळी लावली आहे, म्हणजे पिन निघाली तरी ट्रॉली सुटून जाणार नाही. मागे लाल चकाकणारी पट्टी व दिवा. मडगार्डावर व दांड्यावर कोणी बसावयाचे नाही. या शेवटच्या नियमावरून घरच्याच मुलांशी सर्वांत जास्त भांडावे लागले, हे सांगितले पाहिजे.

ब्रिटनमध्ये शेतावर आलेल्या पाहुण्यांस ट्रॉलीत बसवून रान दाखविण्याची चाल आहे. तेथील सरकारच्या सुरक्षा खात्याने त्यासंबंधी शेतकऱ्यांसाठी सूचना छापलेल्या आहेत. पक्की बैठक, भोवती कठडा, हे तर त्यात आहेच. परंतु मला उपयोगी वाटली ती गोष्ट अशी की, ट्रॉलीत एक जबाबदार माणूस असावा आणि त्यास चालकाला इशारा देण्याचे साधन असावे. ट्रॅक्टरच्या आवाजात मागची हाक पुढे ऐकू येत नाही. आम्ही आक्कांकडे एक शिटी दिली आहे. शिटी वाजली की गड्याने कारण न विचारता थांबावयाचे. पहिले काही दिवस पोरींनी तिची थट्टा केली. आता शिटीवाचून ट्रॉली निघत नाही.

ट्रॅक्टर उलटल्यावर चालक वाचावा म्हणून त्याच्या जागेभोवती मजबूत लोखंडी चौकट बसविण्याचा कायदा स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांसाठी सन १९५९ मध्येच केला, आणि तेथे चालकांचे मृत्यू पुढे फार कमी झाले. आपल्याकडे चालकाच्या डोक्यावर बहुधा उन्हापुरते छत असते. त्यास चौकट समजू नये. आणि अशी चौकट असली तरी ती चालकाची सोय झाली; ट्रॉलीतील वीस जणींस तिचा काही उपयोग नाही.

एका प्रसंगी मात्र ट्रॉलीस पर्याय नसतो, तो म्हणजे आखाड्यावरून आजारी माणूस आणण्याचा. सर्पदंश झालेला गडी किंवा अडलेली बाई भर पावसात शेतात असते, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सडकेवर येऊन थांबते. परदेशांत डोंगराळ मुलखातून जखमी माणूस काढण्यासाठी लहान जोडगाड्या असतात. रोग्यास लांबीच्या दिशेने निजवून बांधतात व त्याच्याजवळ एक माणूस बसण्याची जागा असते. तसे आपणही करू शकतो. रिकामी ट्रॉली फार उसळते, म्हणून तळाशी मातीची आठ-दहा पोती आडवी पसरावीत, त्यावर कडबा किंवा सोयाबीनचे भूस पोत्यांत भरून जाड थर द्यावा, त्यावर गादी. दोन चाकांच्या ट्रॉलीत सर्वांत कमी हिसके आसाच्या किंचित पुढे बसतात, टोकांस जास्त. रोग्याचे धड तेथे यावे. बाज ठेवली तर तिचे पाय चारी बाजूंनी बांधावेत, न बांधलेली बाज पहिल्याच खड्ड्यात सरकते. सर्पदंशाच्या रोग्यास चालू देऊ नये, दंशाचा अवयव हलू देऊ नये. बरोबर दोनच माणसे. गाव लोटले तर गाव मागून पायी यावे. आणि ट्रॅक्टर निघण्यापूर्वीच १०८ वर सडकेवरील ठिकाण सांगून ठेवावे, म्हणजे तेथे वाट पाहण्यात वेळ जात नाही.

हे सर्व झाले वाट वाईट आहे असे धरून. वाट चांगली झाली तर सडकेवरचीच प्रवासी गाडी शेताच्या तोंडापर्यंत येईल व ट्रॉली आपल्या मूळ कामास मोकळी होईल. राज्य सरकारने सन २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना काढली, ती याच कामासाठी. पैसा हा एक भाग. दुसरा भाग असा की, नकाशावर वाट जितकी रुंद आहे तितकी जमिनीवर नाही, कारण दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी वर्षास नांगराचे एकेक तास आत घेतलेले आहे. यात आपण सर्व आलो. मजूर नेणाऱ्या ट्रॉलीचे एक चाक नालीत जाते, तेव्हा ती नाली तेथे कोणी सरकविली, हे शोधू गेल्यास उत्तर दूर जाऊन शोधावे लागणार नाही. आमच्या पांदणीवरील सात खातेदारांनी मोजणी आणून प्रत्येकाने आपली हद्द सोडावी, असे दोनदा ठरले आहे. पाच जणांनी सोडली. उरलेल्या दोघांपैकी एक माझे चुलते आहेत, आणि वयाने वडील असल्याने त्यांच्यापुढे मला फार बोलता येत नाही.

तोपर्यंत आमच्या लवणाच्या अलीकडे, कडुलिंबाखाली, मी एक दगड रोवून त्यास चुना लावला आहे. ट्रॉली तेथे थांबते. बायका उतरून लवणाच्या वरच्या अंगाने, बांधाच्या पायवाटेने चालत जातात. ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली घेऊन पलीकडे जातो व डबे आणि पाण्याचा ड्रम उतरवितो. दगडापासून शेतापर्यंत बायकांच्या चालीने नऊ मिनिटे लागतात. घड्याळ लावून मोजली आहेत, कारण गुत्त्यात तेवढीच धरावयाची होती.